इयत्तेत ५८ मुलं, शाळेत ५ एपी: एवढ्यासाठी घर बदलायचं का?

तुमचा प्रश्न असा: लेक नववीत आहे, अमेरिकेतल्या एका लहान गावाच्या हायस्कूलमध्ये. तिच्या इयत्तेत ५८ मुलं. एपीचे (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय ५. विद्यार्थ्यांना सल्ला देणारी काउन्सेलर एकच, आणि ती बाई वेळापत्रकांपासून मधल्या सुट्टीतल्या भांडणांपर्यंत सगळं बघते. वीस मैलांवर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये दोन हजारांवर मुलांची शाळा आहे, तिथे एपी २६. महाराष्ट्र मंडळातली मंडळी म्हणतात, दहावीच्या आत तिकडे घर घ्या, नाहीतर मुलीच्या कॉलेजचं नुकसान कराल. त्यात तुम्ही एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मुलगी एच-४वर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आणि शाळेत तिला मधूनमधून एकटं वाटतं.

मी अशाच शाळांमध्ये अठरा वर्षं काउन्सेलरचं काम केलं. सर्वात लहान शाळेत बारावीला ३१ मुलं होती. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते: नुसत्या कॉलेजप्रवेशासाठी घर बदलू नका. एकटेपणासाठी बदलावं लागलं तर ती गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. त्याकडे शेवटी येते.

आधी एपीची भीती. मंडळाच्या गणपतीत ‘तुझे एपी किती?’ हे ज्या सुरात विचारलं जातं, त्या सुरात आपल्याकडे पूर्वी पगार विचारत. पण कॉलेजात अर्ज वाचणारा माणूस तुमच्या मुलीचे ५ आणि शेजारच्या शाळेतल्या मुलाचे १२ असं शेजारी शेजारी ठेवून मोजत नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, काउन्सेलरने भरायचा एक भाग असतो. त्यात विचारलेलं असतं की तुमच्याच शाळेतल्या, कॉलेजला जाणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलीने घेतलेले विषय किती कठीण होते. सर्वात वरची पायरी ‘सर्वाधिक कठीण’. तुमच्या शाळेत ५ एपी असतील आणि मुलीने ४ घेतले असतील, तर काउन्सेलर निःशंकपणे त्या पायरीवर खूण करते. २६ एपीच्या शाळेत ६ घेतलेल्या मुलाला ती खूण मिळेलच असं नाही.

मग लहान शाळेचा तोटा काहीच नाही का? आहे, पण लोक सांगतात तिथे नाही. मोठ्या शाळेतून एकेका विद्यापीठाला दरवर्षी साठ-सत्तर अर्ज जातात. विद्यापीठाचा त्या भागातले अर्ज सांभाळणारा अधिकारी त्या शाळेला ओळखतो, तिथला ‘ए’ किती अवघड हे त्याला ठाऊक असतं. तुमच्या शाळेतून त्या विद्यापीठाला गेल्या पाच वर्षांत कदाचित एकही अर्ज गेलेला नसेल. लहान शाळेत मूल सगळ्यांना दिसतं. शाळा मात्र बाहेर कोणाला दिसत नाही. पुढची तीन वर्षं तुम्हाला जे करायचं आहे ते मुख्यतः शाळा दाखवण्याचं काम आहे.

त्यासाठी एक कागद असतो, स्कूल प्रोफाइल. एक-दोन पानांचा. इयत्तेत किती मुलं, कोणते विषय उपलब्ध, ग्रेडची पद्धत काय, रँक देतात का, गेल्या वर्षीची मुलं कुठे गेली. काउन्सेलर तो प्रत्येक ट्रान्सक्रिप्टबरोबर, म्हणजे गुणपत्रकाबरोबर, कॉलेजांना पाठवते. मी एका शाळेत रुजू झाले तेव्हा तिथलं प्रोफाइल चार वर्षं जुनं होतं. त्यात एपी बायॉलॉजी आणि एपी केमिस्ट्री छापलेले होते, आणि ते शिकवणारे सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे दोन वर्षं त्या शाळेची मुलं दोन अवघड विषय टाळून पळणारी दिसत होती. कोणी खोटं बोललं नव्हतं. फाइल उघडून पाहिली नव्हती, एवढंच. तेव्हा पहिलं काम: या वर्षाचं प्रोफाइल काउन्सेलरकडे मागा. बऱ्याचदा शाळेच्या संकेतस्थळावरच असतं. वाचा. ‘एका वर्षी जास्तीत जास्त दोनच एपी बसतात’ असं काही तुमच्या शाळेत खरं असेल आणि ते छापलेलं नसेल, तर नम्रपणे लक्षात आणून द्या. लहान शाळेत अशी विनंती आठवडाभरात मार्गी लागते, हा लहानपणाचा फायदा.

आता वेळापत्रक. याबद्दल बाहेर कोणी बोलत नाही, पण लहान शाळेत अर्धं नशीब इथे ठरतं. ज्या विषयाचा दिवसभरात एकच तास असतो त्याला आम्ही ‘सिंगलटन’ म्हणतो. मोठ्या शाळेत एपी केमिस्ट्रीच्या चार तुकड्या असतात. तुमच्याकडे एक, आणि ती नेमकी बँडच्या किंवा स्पॅनिश ४ च्या तासाला येते. दुसरी खोच म्हणजे वर्षाआड चालणारे विषय. एकच शिक्षक असल्याने फिजिक्स एका वर्षी, एपी केमिस्ट्री दुसऱ्या वर्षी. हे अकरावीच्या ऑगस्टमध्ये कळून उपयोग नाही. पुढच्या वर्षाचे विषय साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मागतात; त्याआधी काउन्सेलरबरोबर बसून चारही वर्षांचा आराखडा कागदावर घ्या आणि विचारा: यातलं काय कशाला आडवं येतं? काय कोणत्या वर्षी नसणार? गणिताची शिडी तर आजच तपासा. इंजिनियरिंगचा थोडाही विचार असेल तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठता यायला हवं. नववीत अल्जेब्रा १ असेल तर मध्ये एक उडी लागेल, उन्हाळ्यात जॉमेट्री किंवा एका वर्षी दोन गणितं. ती उडी नववीनंतर सोपी, अकरावीनंतर जवळजवळ अशक्य.

शाळेत नसलेल्या विषयासाठी तीन वाटा. राज्याची ऑनलाइन शाळा असेल तर ती. कम्युनिटी कॉलेजचा ड्युअल एनरोलमेंट वर्ग, म्हणजे शाळेत असतानाच घेतलेला कॉलेजचा विषय. किंवा घरी अभ्यास करून नुसती एपीची परीक्षा. शेवटच्या वाटेत एक काटा आहे: परीक्षा मे महिन्यात, पण तिची मागणी शाळेमार्फत आदल्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जावी लागते. तुमची शाळा ती परीक्षा घेत नसेल तर घेणारी शेजारची शाळा सप्टेंबरमध्येच शोधा आणि तिथल्या एपी समन्वयकाला विचारा. ते नाही म्हणू शकतात.

ड्युअल एनरोलमेंटला लोक फुकट मिठाईसारखं धरतात. बहुतेकदा ते स्वस्त पडतं आणि चांगलंच असतं. पण सोळाव्या वर्षी मिळालेला ‘सी’ हा कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर बसतो. पुढे मेडिकलला अर्ज करताना शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे विषयही दाखवावे लागतात. आणि सरकारी विद्यापीठं ते क्रेडिट सहसा घेतात तरी बरीच खासगी कॉलेजं, हायस्कूलच्या पदवीसाठी मोजलेलं क्रेडिट पुन्हा देत नाहीत. एका सत्रात एक विषय, तोही मुलीला आवडीचा, अशी सुरुवात करा.

एसएटी या प्रवेशपरीक्षेबद्दल मंडळात दोन टोकं असतात: आता लागतच नाही, किंवा सातवीपासून क्लास लावा. वस्तुस्थिती अशी की कॅलिफोर्निया विद्यापीठ गुण बघतच नाही, तर एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, हार्वर्ड, ब्राऊन यांनी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. डार्टमथने तेव्हा दिलेलं कारण तुमच्या कामाचं आहे: साधनं कमी असलेल्या शाळांमधली काही मुलं, त्यांच्या परिस्थितीत चांगले मानले गेले असते असे गुणही लपवून ठेवत होती. अनोळखी शाळेच्या ‘ए’ला बाहेरचा एक साक्षीदार लागतो, आणि एसएटी हा स्वस्त साक्षीदार आहे. अकरावीच्या वसंतात एकदा, हवं तर बारावीच्या ऑगस्टमध्ये पुन्हा. पुरे.

रँकचं गणित लहान इयत्तेत विचित्र होतं. ५८ मुलांत पहिले १० टक्के म्हणजे पाच जण. एका सत्रात एक ‘बी’ आला की मुलगी चौथ्यावरून नवव्यावर. टेक्सासमध्ये १९९७ पासून पहिल्या १० टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेशाचा कायदा आहे, ऑस्टिनच्या विद्यापीठात ती रेषा आणखी कडक आहे. तिथे राहत असाल तर हे गणित खरंच मांडून बघा. इतरत्र शाळा रँक देते का, एवढं विचारा. खूप लहान शाळा देत नाहीत आणि त्याने बिघडत नाही. तसेच ते ठिपक्यांचे तक्ते, ‘आपल्या शाळेतून अमुक जीपीएची (सरासरी ग्रेडची) किती मुलं तमुक कॉलेजात गेली’ दाखवणारे. दोनशे ठिपके असतील तर त्यांना अर्थ असतो, तीन असतील तर त्या तीन मुलांच्या कुंडल्या असतात, शिवाय कोणता ठिपका कोण हे अख्ख्या गावाला माहीत. त्याऐवजी प्रत्येक कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे कॉलेजने ठरलेल्या नमुन्यात जाहीर केलेली स्वतःची आकडेवारी, शोधा. त्यातल्या सी-७ तक्त्यात रँक, विषयांची कठीणता, निबंध, शिफारसपत्रं यांना ते कॉलेज स्वतःच्या शब्दांत किती महत्त्व देतं ते लिहिलेलं असतं. मंडळातल्या तीन काकांपेक्षा तो तक्ता खरं बोलतो.

काउन्सेलर एकटी आहे म्हणून तिला गृहीत धरू नका आणि तिच्यावर चिडूही नका. अमेरिकेतल्या शालेय काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० मुलांची आहे. तुमच्या शाळेत चार इयत्तांची मिळून तेवढीच मुलं असतील, म्हणजे आकड्यात तुम्ही सुखी आहात. अडचण अशी की परीक्षांची व्यवस्था, हजेरी, रडणारी मुलं, सगळं तिच्याच टेबलावर येतं, आणि कॉलेजचं काम चार वाजल्यानंतर उरतं. तिचं काम हलकं करा. तिला मुलीसाठी शिफारसपत्र लिहायचं असतं, म्हणून अकरावीच्या एप्रिलमध्ये मुलीने एक पान लिहून द्यावं: काय केलं, काय बिनसलं, घरची कोणती जबाबदारी उचलते. गुण नकोत, ते तिच्याकडे असतात. प्रसंग हवेत. ‘मेहनती आणि नम्र’ असं मी शेकडो पत्रांत वाचलंय. ‘लॅबमधलं मासळीघर फुटलं तेव्हा बाकीचे ओरडत होते आणि ही बादली शोधत होती’ हे एकाच पत्रात, आणि ते वर्षांनंतरही आठवतं.

शिक्षकांच्या शिफारसपत्रांतही लहान शाळेची जीत आहे. तेच सर तिला नववीत आणि पुन्हा अकरावीत शिकवतात, वर नाटकाचा पडदाही तेच ओढतात. मात्र त्याच सरांकडे निम्मी इयत्ता पत्र मागते. अकरावीचं वर्ष संपण्याआधी, समोर जाऊन, मुलीने स्वतः मागावं. तुम्ही मेल करू नये, हे हात जोडून सांगते. आपल्याकडे आई-वडिलांनी पुढे होणं ही माया असते. इथल्या शिक्षकाला त्यातून मुलगी बोलू शकत नाही असं दिसतं.

आता शाळेतलं जगणं. १९५९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी ठासून सांगितलं की ज्या हायस्कूलमधून वर्षाला शंभरही मुलं बाहेर पडत नाहीत ती पुरेसे विषय देऊ शकत नाहीत, एकत्र करा. विषयांपुरतं ते बरोबरच होतं. पण पाचच वर्षांनी, १९६४ मध्ये, रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी कॅन्ससमधल्या हायस्कूलांचा अभ्यास मांडला, अगदी छोट्या शाळांपासून दोन हजारांवरच्या शाळेपर्यंत. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण प्रत्यक्ष जबाबदारीच्या जागी उभं राहण्याची वेळ छोट्या शाळेतल्या मुलांवर जास्त येत होती. कारण साधं: जागा तेवढ्याच, माणसं कमी. सगळ्यात बदल कुणात दिसला, तर एरवी कडेला उभ्या राहणाऱ्या मुलांत. त्यांना कोणीतरी ‘चल, एक जण कमी आहे’ म्हणत होतं. नेब्रास्कात १९३४ मध्ये स्टीफन एप्लर नावाच्या तरुण शिक्षकाने सहा खेळाडूंचा फुटबॉल काढला तो ह्याच अडचणीतून. अकरा पोरं जमत नाहीत ना, मग खेळच बदला. लहान गावांत तो आजही खेळतात.

तेव्हा तुमच्या शाळेत रोबोटिक्स नाही याचं दुःख करण्याआधी बघा की कोणती गोष्ट एका माणसावाचून अडलेली आहे. वार्षिकांक, नाटकाचे दिवे, क्रॉसकंट्रीचा संघ, स्थानिक वाचनालयातला लहान मुलांचा तास. कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांना दहा जागा असतात आणि वर्णनाला प्रत्येकी १५० अक्षरं, म्हणजे साधारण दोन ओळी. दहा भरायलाच हव्यात असं नाही. तीन गोष्टी तीन वर्षं केल्या आणि त्यातली एक तिच्यावाचून बंद पडली असती, तर ते त्या दोन ओळींतही कळतं. मराठी शाळेत धाकट्यांना शिकवणं, तबला, घरी आजीची काळजी घेणं, हेही तिथे लिहितात. फक्त अर्जासाठी नवा क्लब काढू नका. बारावीच्या सप्टेंबरमध्ये जन्मलेले ‘संस्थापक-अध्यक्ष’ आम्हाला लांबून ओळखू येत.

उलटी बाजूही सांगते. लहान शाळेत ‘नाही’ म्हणणं अवघड. होतकरू मुलीला प्रत्येक जण ओढतो, आणि अकरावीत ती बँड, टेनिस, विद्यार्थी परिषद, वार्षिकांक अशा सगळ्याची अर्धवट कारभारीण होऊन बसते. मी एकीला चक्क माझ्या खोलीत बसवून दोन राजीनाम्याचे मेल लिहायला लावले होते. दुसरं म्हणजे लपायला जागा नसते. भांडण झालं तर तीच मैत्रीण गणितात, बसमध्ये आणि जेवणाच्या टेबलावर. डिसेंबरात कॉलेजांचे निकाल लागतात तेव्हा कोणाला कुठून नकार आला हे दुसऱ्या तासापर्यंत सगळ्यांना कळतं. घरी आधीच ठरवा की कुठे अर्ज केला हे कोणाला सांगायचं. मंडळात नाही सांगितलं तरी चालतं.

पैशांचा आणि व्हिसाचा भाग मात्र काउन्सेलरवर सोडू नका. तुमच्या गावात एच-४वरची ती एकटीच मुलगी असू शकेल, आणि बाई सगळ्यांना वाटतात तोच फाफ्साचा, म्हणजे केंद्र सरकारकडे शिक्षणासाठी आर्थिक मदत मागण्याच्या अर्जाचा, कागद तुम्हालाही देतील. फाफ्सामधली केंद्राची मदत नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आणखी काही मोजक्या गटांना मिळते. एच-४ त्यात नाही. (धाकटं भावंड अमेरिकेत जन्मलेलं असेल तर त्याला मिळते, तुमचा व्हिसा आड येत नाही.) स्वतःच्या राज्याची कमी फी एच-४ला लागू होते का, हे राज्याराज्यात वेगळं आहे, विद्यापीठाच्या रेसिडन्सी कार्यालयाला लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. बरीच खासगी कॉलेजं मदतीच्या बाबतीत तिला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही काही मोजकी नावं नागरिकत्व कोणतंही असो, प्रवेश देताना पैशाची गरज बघत नाहीत आणि ती पूर्ण भागवतात; तिथे प्रवेश मिळणं किती कठीण हे सांगायला नको. बाकी कॉलेजांसाठी त्याच कॉमन डेटा सेटमधला एच-६ बघा, परदेशी विद्यार्थ्यांना किती जणांना, किती मदत दिली ते तिथे असतं. मदत मागताना उत्पन्न दोन वर्षं आधीचं बघतात, म्हणजे दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं. शेअर विकायचे असतील, बोनस मागेपुढे होणार असेल तर हे डोक्यात ठेवा. आणि २१ व्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मधोमध. एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जाण्याबद्दल वकिलाशी बारावीच्या आधी बोला, नंतर नाही.

लहान गावच्या मुलांसाठी एक नवी वाट आहे, ती तपासा: २०२३ मध्ये १६ कॉलेजं आणि विद्यापीठांनी मिळून स्टार्स नावाचं जाळं सुरू केलं, खेड्यांतल्या आणि लहान गावांतल्या मुलांपर्यंत पोचण्यासाठी, आणि नंतर ते वाढलं. त्यांची माणसं तुमच्या शाळेत येत नसतील तर काउन्सेलरला त्यांना बोलवायला सांगा.

आता एकटेपणा. नववीचं पहिलं सत्र बहुतेकांना जड जातं, त्यावरून काही ठरवू नका. ५८ जणांत तिच्या जातकुळीची दोन मुलं सापडली तर बस होतं. कधी कधी तीही नसतात, आणि तो दोष कोणाचा नसतो. वर्षअखेरीपर्यंत शाळेबाहेरही, वादक वृंदात, पोहण्याच्या क्लबात, उन्हाळी शिबिरात, कोणी जुळलं नाही आणि सोमवारी सकाळी पोटात दुखणं चालूच राहिलं, तर बदला शाळा, एपी कितीही असोत. पण दहावी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात बदला. अकरावीत बदललेल्या मुलीला पत्र लिहिणारे शिक्षक तिला जेमतेम सात-आठ महिने ओळखत असतात, आणि नव्या वेळापत्रकात सिंगलटनांचा घोळ पुन्हा पहिल्यापासून.

घराचा करार करण्याआधी त्या मोठ्या शाळेला एक दिवसाची ‘शॅडो’ भेट मागा, म्हणजे तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीबरोबर लेक दिवसभर वर्गांत फिरेल. बऱ्याच शाळा देतात. त्या संध्याकाळी तिला कोणते विषय आहेत ते विचारू नका. डबा कोणाबरोबर खाल्ला, ते विचारा.